वर्षाच्या आत

मुरुड, ता. २० जानेवारी १९९४

चांदे,

जिती हायस का मेलीस? मेली असशील तर कळव, म्हंजी माझं कंधारच्या यष्टीचं तिकीट तरी वाचंल.

राग मानू नको. असं बोल्ल्याबिगर आजकाल माझं तोंडच उघडंना. भूकंपात माझी लेक सिंधू गेली तवापासून जो येतो तो तोंड पाडून येतो आन म्हातारी आता रडंल, मग रडंल म्हनून वाट बघत बसतो. परवा एकाला म्हनलं, "दादा, रडायला अजून येळ हाय, तवर चा घ्या." पळालाच बघ.

आता कामाचं. सिंधूची पुनम माझ्यापाशी हाय हे तुला ठावं हायच. गनपती बघायला आज्जीकडं आली म्हनून वाचली. तिचा बाप व्यंकट तिकडं पत्र्याच्या शेडात राहून राहिला. बाईबिगर घर, शेजाऱ्याचं घोरनं सुदिक ऐकू येतंय, तिथं वयात आलेली पोर कशी ठेवावी? आन माझं काय, मी पिकलं पान. तवा तिचं लगीन धरलंय. स्थळ धर्माबादचं. पोरगा रामलिंग, मिरचीच्या आडतीवर कामाला हाय. नाकाडोळ्यानं बरा, फक्त दर दोन शब्दांला शिंकतो. मिरचीचा परताप.

व्यंकट म्हनत होता, "मामी, दहावी होऊ द्या तिची." मी म्हनलं, बाबा, घरात मयत झाली की लगीन वर्षाच्या आत करावं, न्हाईतर तीन वर्षं थांबावं लागतं. तीन वर्षांनी पोर अठराची व्हईल, मग कोन ईल? भटजीबी हेच म्हनला. आमच्याकडं तर सध्या हेच चाल्लंय. पडलेल्या गावात मयत कुनाच्या घरी न्हाई? म्हनून झाडून सगळ्यांच्या पोरींची लग्नं वर्षाच्या आत निघाली. सामुदायिक लगीन हाय, मंडप फुकट, जेवन फुकट, हुंडा न्हाई. असं परत कवा घडायचं?

तुझ्या हातचा हिरवा चुडा पायजे. तिच्या हाताचं माप सुतानं घेतलंय, ते सूत सोबत धाडते. चौथीपतोर एका पाटीवर लिवलंय आपन, तवा भाव करू नको.

तुझी
इठी

*

कंधार, ता. १८ फेब्रुवारी १९९४

इठे,

जिती हाय. रोजे चालू हायत म्हनून अर्धी जिती समज.

तुझं सूत मिळालं. आधी वाटलं, मस्करी करून बाहुलीचं माप धाडलंस. माझा ल्योक गुलाम रसूल बांगड्यांच्या दुकानात होता, तोबी म्हनला, "अम्मा, लग्नाचा चुडा या मापात येतच न्हाई, ह्ये लेकराचं माप हाय." मग एक नंबर मोठा काढून ठिवला. सैल व्हईल. काय करू, कारखाना ज्या मापाला बाई समजतो त्याच मापाचा चुडा करतो.

इठे, मी चुडा धाडते, पर एक बोलते. थांब तीन वर्षं. तूच म्हनतीस अठराची व्हईल. होऊ दे की! तुला नाझनीन आठवती का, माझी थोरली नात, हुमाची मोठी बहीण? पंधराची होती, तिचा निका लावला. आमचे मौलाना म्हनले जवान लेक घरात ठेवू नये, गल्लीनं मान हालवली, मीबी हालवली. आता एकोनिसाची हाय. दोन डाव पोट राहिलं, दोन डाव रिकामी झाली. कंबर धरून चालती. तुझा भटजी म्हनतो लगीन लावा, माझा मौलाना म्हनतो लगीन लावा. दोघांची बोली येगळी, पोर मातर एकाच मापाची सापडती.

पुनम आन माझी हुमा एका पावसाळ्यातल्या. हुमा अजून बोरं पाडायला झाडावर चढती.

लग्नाला यायचं बघते. घरी जरा अडचन हाय.

चांदबी

*

मुरुड, ता. ९ मे १९९४

चांदे,

आली न्हाईस ना! तुझी अडचन मला ठावं हाय. बुंदी फुकटची म्हनल्यावर तुला वाटलं असंल इठी परत वसूल करंल.

लगीन झालं. एका मंडपात इतक्या नवऱ्या की बाशिंगाखाली कोन कुनाची तेच कळंना. एक आज्जी भलत्याच पोरीच्या गळ्यात पडून रडली, मग चष्मा लावून बघितलं आन रडनं परत घेतलं. तुझा चुडा सैलच झाला. पुनमनं हात खाली केला की बांगड्या गळायच्या. मग मनगटाला सूत गुंडाळलं आन वर चढवल्या. फोटोत झ्याक दिसतंय.

तू लिवलेलं वाचलं मी. नाझनीनचं वाईट झालं. पर चांदे, तुमचं येगळं आन आमचं येगळं. तुमच्यात लई घाई करतेत, आमच्यात रीत म्हनून करतेत. आन मी काय चौदाव्या वर्षी नांदायला आले न्हाई? मला काय झालं? दात तेवढे पडले, आन तेबी लग्नानं न्हाई, सुपारीनं.

जाताना पुनमनं दप्तर मागितलं. म्हनली, "आज्जी, धर्माबादलाबी शाळा असंल की." सगळ्या बाया हसल्या. म्याच म्हनलं होतं, "घेऊन जा गं, नवरा शिंकला तर नाक पुसायला कागद हुईल." माझ्या बोलन्यावर माझीच मी हसत बसले.

आता तुझ्या हुमाचं काय? कुठं लपवून ठिवलीस? तुमच्या हिशोबानं पंधरा म्हंजी म्हातारी झाली की! मांडव कवा?

तुझी
इठी

*

कंधार, ता. २२ जुलै १९९४

इठे,

खत मिळालं. सगळे बरे हायत. पाऊस बरा हाय. हुमा बरी हाय. हाताला सुट्टी न्हाई, सनाचे दिवस आले.

पुनमला दुवा सांग.

चांदबी

*

मुरुड, ता. ३ डिसेंबर १९९४

चांदे,

एवढंसं पत्र! तार केली असतीस तरी चार शब्द जास्त आले असते.

पेढे खा. मी पनजी होऊन राहिले! पुनमला सातवा लागलाय. पयलं बाळतपन माहेरी, तवा रामलिंग तिला आनून सोडून गेला. तिची सासू गंगम्मा, तेलुगूच्या मुलखातली, आधी वाटलं लई खाष्ट असंल, पर गरीब बाई हाय. जाताना पदर पसरून म्हनली, "अम्मा, पोरगी खात न्हाई, तुम्ही भरवा." मी भरवून राहिले. डोहाळजेवन केलं, झोपाळ्यावर बसवलं. पाय भुईला टेकत न्हवते तिचे. पातेल्याएवढं पोट आन वर चिमनीएवढं तोंड. बाया म्हनल्या, आज्जीवर गेली, बुटकी हाय.

इथल्या दवाखान्यातल्या सिस्टरनं नाव लिवून घेतलं. "वय?" म्हनली. मी म्हनलं, "एकोनीस." अठराच्या आतलं सांगितलं तर पोलिसाचं लफडं. आपन काय डगमगनारे हाव का? सिस्टरनं पुनमकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी म्हनलं, "आमच्या घरान्यात समदी बुटकीच हायत बाई." तीबी हसली. जमलं.

पाय सुजलेत तिचे. मी म्हनलं, पोरगा व्हनार. डोकं दुखतंय म्हनती, मी म्हनलं नवऱ्याच्या शिंका आठवून राहिल्या. लाजून तिकडं तोंड करती.

आता तुझं सांग. तुमच्या गल्लीतला एक फळवाला बाजाराला आला होता. म्हनला, हुमा जूनपासून घरात दिसतच न्हाई. चांदे, काय झाकून राहिलीस? काय व्हायचं ते झालं असंल तर मला सांग. मी कुनाला सांगनार न्हाई, फकस्त मुरुडला सांगीन. आपल्या नाती एका पावसाळ्यातल्या, पाळनेबी एकाच साली हालनार म्हन.

तुझी
इठी

*

कंधार, ता. १४ डिसेंबर १९९४

इठाबाई,

ह्या खताला तुझ्यासारखं हसून उत्तर देता येत न्हाई.

हुमा लातूरला हाय. माझ्या नणंदेच्या घरी राहती, दहावीचा क्लास करती. सकाळी अंधारात जाती, दोन येण्या घालून, सायकलवर. गुलाम रसूल तयार न्हवता. त्यो म्हनला, दुकानात पैसा न्हाई आन लोक काय म्हनतील. मी म्हनलं, नाझनीनच्या येळी लोकांनी जे म्हनलं ते ऐकलं, आता एक डाव माझं ऐक. दुकान बंद झाल्यावर मी गावोगाव टोपली घेऊन फिरते. गल्लीत सांगितलं न्हाई, कारन मग रोज कुनीतरी येऊन समजावत बसलं असतं.

आन तुला का सांगितलं न्हाई? नाझनीनला तिसऱ्यांदा दिवस होते, पुनमच्या लग्नाच्या येळी तेबी रिकामं झालं, ती अडचन होती. मी तिच्या उशाला बसून तुझं बुंदीचं वाचलं. मग जूनमधी हुमाला क्लासला घातली. तुझ्या पोरीचं दप्तर सुटलं आन मी माझ्या पोरीच्या दप्तराचं कसं लिवू? तुला टोचंल म्हनून गप बसले. तू त्या गप बसन्यात काय काय भरलंस! माझ्या पोरीच्या पोटात लेकरू भरलंस. काय म्हनून? आम्ही मुसलमान म्हनून ना? पंधराव्या वर्षी लगीन आम्ही लावलं तर घाई, तू लावलंस तर रीत.

भांडन बाजूला ठिव. पाय सुजले, डोकं दुखतंय, हे मी नाझनीनजवळ बसून बघितलंय. हसू नको. दवाखान्यात जा आन खरं वय सांग. पोलीस काय करील ते करील.

हुमाचा पत्ता खाली लिवलाय. लातूरला जायची पाळी आली तर तिला हाक मार. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नको.

चांदबी

*

मुरुड, ता. १६ फेब्रुवारी १९९५

चांदबी,

तुझ्या पत्राला दोन महिने उत्तर दिलं न्हाई. राग आला होता म्हनून, तेच आधी सांगते. तुझं पत्र गादीखाली सारलं आन म्हनलं, चुडीवाली मला शिकवती! दवाखान्यात गेले न्हाई. खरं वय सांगायला तोंड कसं न्यावं, हाच विचार केला. पोरीच्या डोक्याचा न्हाई केला.

संक्रांतीनंतरची गोष्ट. पुनम चुलीपाशी बसली होती. म्हनली, "आज्जी, मला दोन दोन चुली दिसून राहिल्यात." मी म्हनलं, "बरं हाय की, एकीवर तू भाकरी कर, एकीवर मी करते." माझी मस्करी तोंडात होती तवर पोर आडवी झाली. डोळे पांढरे, दातखिळी बसली, हातपाय झटकायला लागली. शेजारीन म्हनली अंगात आलं, लिंबू आना. मी लिंबू हुडकत फिरले, चांदे. लिंबू!

शेजाऱ्याच्या जीपमधी घालून लातूरच्या मोठ्या दवाखान्यात नेली. वाटेत दोन डाव परत झटके आले. तिथं डाक्टरीन बाई धावत आली. "वय काय?" आन बघ, एवढं होऊनबी माझ्या तोंडून काय निघालं? "एकोनीस." सवय झाली होती जिभेला.

हात इतके सुजले होते की चुडा रुतला होता. जो चुडा सूत गुंडाळून बसवला होता तोच आता निघंना. सिस्टरनं एक एक बांगडी कापडात धरून फोडली.

व्यंकट नाशकाला कामावर, रामलिंग धर्माबादला, मी एकटी. दवाखान्यात कुठल्या खिडकीत काय मागायचं तेबी कळंना. मग तुझा पत्ता आठवला. घरातून निघताना गादीखालचं ते पत्र का कोन जाने कमरेला खोचलं होतं. रिक्षावाल्याच्या हाती निरोप धाडला. ज्या पोरीबद्दल मी घान बोलले तिच्याच दाराला माझा निरोप गेला.

हुमा सायकल टाकून पळत आली. क्लासची वही तशीच बगलेत. मला ओळखलंबी न्हाई, नुसतं "नानी" म्हनली आन पुनमच्या पायाशी जाऊन हुभी राहिली. डाक्टरीन बाई कागद बघत होती. हुमा म्हनली, "म्याडम, एकोनीस न्हाई. ती आन मी एका वयाच्या. सोळा." डाक्टरीन बाईनं हुमाकडं बघितलं. दोन येण्या, वही, पायात धुळीच्या चपला. मग खाटेवर बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, पर कायबी बोलली न्हाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी आयुष्यभर समद्यांना बोलून गार केलं, मला त्या बाईनं न बोलता केलं.

पोरगी झाली होती. मूठभर. रडलीच न्हाई.

पुनम वाचली. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. रामलिंग आला, तो पोरगाबी केवढासा! खाटेचा पाया धरून रडला. लगीन लागताना मला तो मोठा बाप्या वाटला होता. आता मुंजीतल्या पोरासारखा दिसत होता.

तुझी हुमा रोज डबा घेऊन येती. क्लास बुडवून. एक दिस मी तिचे हात धरले आन म्हनलं, "माय, मी तुझ्याबद्दल वंगाळ बोलले." ती म्हनली, "नानी, दादीनं सांगितलंय, तुमचं सगळं मनावर घ्यायचं नसतं."

मनावर घे, चांदे. येवढ्या डावाला मनावर घे.

इठाबाई

*

कंधार, ता. २५ फेब्रुवारी १९९५

इठे,

मनावर घेतलं. रडलेबी. मग उठून कामाला लागले.

तू मला "चांदबी" लिवलंस आन खाली "इठाबाई". मला त्याचाच जास्त धाक वाटला. पुन्हा तसं लिवू नको.

आता एक ध्यानात ठिव. तान्ह्या लेकराचं सूतक कुनी जास्त धरत न्हाई, तुमच्यात न्हाई, आमच्यात न्हाई. नाझनीनला दर येळी दोन महिन्यांत न्यायला आले. गंगम्मा बरी बाई असंल, तरी येईल. परत तेच होईल. आन दुसऱ्यांदा पोर दवाखान्यातून घरी येईल का, ते अल्ला जाने.

तू काय करनार हायस?

चांदी

*

मुरुड, ता. २८ जून १९९५

चांदे,

तुझा सवाल चार महिने पदराला बांधून हिंडले. आता उत्तर देते.

अक्षय तृतीयेला आले की! गंगम्मा, रामलिंग आन एक काका. ओटीचं सामान घेऊन. पुनम आतल्या खोलीत दान्याच्या कनगीमागं जाऊन बसली. मला इकडून तिचा दम ऐकू येत होता. मी चा केला. कायद्याचं सांगावं, डाक्टरनीचं सांगावं, तर काका म्हनला असता, डाक्टर असंच म्हनतेत. मग माझ्या तोंडातून आपसूक निघालं.

मी म्हनलं, "गंगम्मा, पोर तुमची हाय. पर आमच्या घरान्यात एक रीत हाय. पयलं लेकरू गेलं की पोरीनं तीन वर्षं माहेरची चूल सोडायची न्हाई. सोडली तर नवऱ्याच्या जिवावर येतंय. माझ्या आतेसासूनं मोडली होती. वर्षात कुंकू पुसलं."

कसली आतेसासू आन कसलं काय! माझ्या सासऱ्याला बहीनच न्हवती.

चांदे, कुनी एक सवाल केला न्हाई. काकानं मान हालवली. म्हनला, "रीत हाय म्हनल्यावर काय." गंगम्मानं तर हात जोडले. म्हनली, "अम्मा, मला तेराव्या वर्षी आनलं होतं. मोडू नका रीत." आन ओटीचं सामान तिथंच ठिवून तिनं डोळ्याला पदर लावला. मला वाटतं तिला समदं कळलं होतं. रामलिंग जाताना दारात थांबला. म्हनला, "आज्जी, मी महिन्याला भेटायला येऊ का? रीतीत बसतंय का?" मी म्हनलं, "बसतंय. पर अंगनातच बसायचं. शिंकायला मोकळीक हाय."

पुनम आता लातूरला तुझ्या नणंदेच्या घरी, हुमाच्या खोलीत हाय. हुमा अकरावीला, ही दहावीला. मीबी जवळच एक खोली घेतली, भाकरी करून घालते दोघींला. नवी रीत म्हन, मुसलमानाच्या घरात आमची पोर आन इठीच्या हातच्या भाकरी हुमाच्या डब्यात. मुरुडची लोकं बोलतेत. बोलू देत. मी त्यांच्याबद्दल काय काय बोलले होते ते त्यांना कळलं तर जास्त बोलतील.

गंमत ऐक. मागल्या आठवड्यात मुरुडला गेले होते. उमादेवी आली, वरच्या आळीची. तिची पोर त्याच सामुदायिक मंडपातली. इकडं तिकडं बघितलं आन कानाशी येऊन म्हनली, "इठाबाई, ती तीन वर्षांची रीत आमच्यातबी असंल का वो?" मी म्हनलं, "असंल का म्हंजी? तुमच्यात तर चार वर्षं हाय!" बाई पळतच घरी गेली.

लई हसले मी. हसत हसत लातूरला आले आन पुनमला सांगितलं. ती भूगोलाचं पुस्तक घेऊन बसली होती. हसली न्हाई. म्हनली, "म्हंजी ती रीत खरी न्हाई?"

मी म्हनलं, "न्हाई गं, म्या केली. चा उकळंपतोर."

तिनं पुस्तक मिटलं. मग म्हनली, "आज्जी, एवढं सोपं होतं. मग ती वर्षाच्या आतली रीत आली तवा का न्हाई केलीस दुसरी?"

पुस्तक उघडून परत वाचायला लागली. रागानं न्हाई बोलली, चांदे. खरंच विचारलं तिनं. चौथीतली पोर गणित विचारती तसं.

मी जल्मभर खोटं बोलले. हसायला बोलले, चिडवायला बोलले, दवाखान्यात एकोनीस बोलले. जिथं एक खोटं बोलायचं होतं तिथंच मी खरी धर्माची बाई झाले.

तुला उत्तर सुचलं तर कळव. तवर मी भाकरी करून राहिले. ती जेवताना ताटाकडं बघती, मी तव्याकडं बघते.

तुझी
इठी